प्रतिवादी क्रमांक दोन, मुक्काम विलायत

समन्स परत आलं होतं. न्यायाधीशांनी पाकीट दोन बोटांत धरून उलटंपालटं केलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“वकीलसाहेब, लंडन म्हणजे तुम्हाला नांदुरा वाटलं का? नाव लिहिलं, गाव लिहिलं, आता पोस्टमन हाक मारून देईल?”

कोर्टात हशा झाला. पाकिटावर प्रतिवादी क्रमांक दोनचं पूर्ण नाव होतं आणि त्याखाली लंडन, इंग्लंड, एवढंच. पत्ता अपुरा, असा शेरा मारून तिकडच्या पोस्टानं ते परत केलं होतं.

“प्रतिवादी क्रमांक एकनं सांगितला तोच पत्ता घातला, साहेब,” मी म्हणालो.

प्रतिवादी क्रमांक एक मागच्या बाकावर बसला होता. त्यानं टोपी सारखी केली आणि छताकडे पाहिलं.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या दिवाणी कोर्टात मी हा दावा वादीच्या बाजूनं चालवत होतो. वादी म्हणजे दावा लावणारा, प्रतिवादी म्हणजे ज्याच्यावर लावला तो. माझी वादी कौसल्याबाई. नांदुऱ्याच्या बाजूच्या एका खेड्यात तिचा भाजीचा मळा होता. वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर. नवरा मळ्यात राबायचा. बाजार आणि कोर्ट ही दोन कामं तिच्याकडे होती, कारण दोन्हीकडे बोलावं लागतं, असं ती म्हणायची.

मळ्यातून सडकेला लागायला एकच गाडवाट होती. ती शेजारच्या शेतातून जायची. ते शेत पुंडलिक आणि वसंत या दोघा भावांचं. वडिलांनी हयातीतच दोघांच्या नावावर करून दिलेलं. मागच्या पोळ्यानंतर पुंडलिकनं वाटेच्या तोंडाशी बोरीच्या काट्या लावल्या. कौसल्याबाईच्या गाडीची चाकं माझी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, तुडवतात, ही त्याची तक्रार. ती अगदीच खोटी नव्हती. चिखल झाला की गाडी थोडी आत घातली जायची. पण त्यासाठी वाटच बंद करणं हे जरा फार झालं.

सरकारी पांदणवाट असती तर आम्ही तहसीलदाराकडे गेलो असतो. ही वाट खाजगी शेतातली. वर्षानुवर्षं उघडपणे, कोणाची आडकाठी नसताना वापरलेली वाट मालकाला बंद करता येत नाही, हे कोर्टात सिद्ध करावं लागणार होतं. तोवर भाजीची टोपली डोक्यावर घेऊन नाला ओलांडायचा. उन्हाळ्यात ते जमत होतं. मृग लागल्यावर नाला भरणार आणि मळा पलीकडे अडकणार होता. कौसल्याबाई प्रत्येक तारखेला येऊन मला एकच प्रश्न विचारायची.

“वकीलसायेब, औंदा वांगे लावू का नको लावू?”

मी पुढची तारीख सांगायचो, कारण दावा सुरूच होत नव्हता.

समन्स म्हणजे कोर्टाचं बोलावणं. तुमच्यावर अमुक दावा आहे, अमुक तारखेला हजर राहा, नाही राहिलात तर तुमच्या गैरहजेरीत तो चालेल. हे प्रतिवादीच्या हाती पडल्याचा पुरावा लागतो. त्याला बजावणी म्हणतात. शेताचे मालक दोन, म्हणून समन्सं दोन. पुंडलिकला त्याचं मिळालं. धाकटा वसंत देशाबाहेर नोकरीला होता. दोन्ही मालकांना कळल्याशिवाय काट्या काढायचा हुकूम देणार नाही, असं न्यायाधीशांनी पहिल्याच तारखेला सांगितलं. न्यायाधीशांचं बरोबर होतं. पुंडलिकच्या वकिलांनाही ते बरोबर वाटलं, जरा जास्तच. खामगावहून येणारे हे ज्येष्ठ गृहस्थ, सगळे त्यांना काकासाहेब म्हणत. प्रत्येक तारखेला ते उठायचे, “प्रतिवादी क्रमांक दोनवर बजावणी नाही,” एवढं बोलायचे आणि खाली बसायचे. इतक्या कमी शब्दांत इतकं काम करणारा वकील मी नंतर पाहिला नाही.

सुरुवातीला कोर्टाचा बेलीफ गावी गेला होता. समन्स घेऊन घरोघर जाणारा कोर्टाचा माणूस तो बेलीफ. परत येऊन त्यानं जे सांगितलं ते असं. पुंडलिक ओट्यावर बसला होता. भावाचं समन्स घ्यायला त्यानं नकार दिला. “त्याचा कागद त्याले द्या. मी काऊन घेऊ?” तेवढ्यात आतून त्याची आई, अनुसयाबाई, हात पुसत बाहेर आली.

“माह्या वसंताचा कागद हाये का? आणा इकडं.”

“तुमाले नाई देता येत, काकू.”

“काऊन?”

“कायदा हाये. घरातल्या मोठ्या पुरुष माणसाच्याच हाती देता येते. तेबी तो त्याच्यासंग राहत असंन तं.”

“नऊ महिने पोटात मी ठेवला, अन् कागद पुरुष माणसाले?”

बेलीफानं ‘प्रतिवादी परदेशी, बजावणी नाही’ असं लिहून समन्स परत आणलं. नियम तेव्हा तसाच होता.

मग मी पर्यायी बजावणीचा अर्ज दिला. माणूस सापडतच नसेल तर समन्स त्याच्या घराच्या दाराला चिकटवायचं, वर्तमानपत्रात छापायचं, आणि त्याला कळलं असं धरून चालायचं. काकासाहेब यावेळी दोन वाक्यं बोलले.

“माणूस हरवलेला नाही, परदेशी आहे. नांदुऱ्यात येणारा पेपर तो विलायतेत वाचतो, असं माझ्या विद्वान मित्राचं म्हणणं आहे का?”

मी वकिलीआधी काही वर्षं नागपूरला एका दैनिकात कोर्टाच्या बातम्या लिहीत होतो. आमचा पेपर वर्ध्यापलीकडे किती जण वाचतात हे मला ठाऊक होतं. मी अर्ज मागे घेतला.

सरळ मार्ग एकच उरला. प्रतिवादी देशाबाहेर असेल, इथं त्याचा मुखत्यार नसेल आणि तिथवर टपाल जात असेल, तर समन्स त्याच्या राहत्या पत्त्यावर थेट पोस्टानं पाठवता येतं. रजिस्टर करून, पोचपावतीसह. अट एकच, पत्ता हवा. तो देण्याची जबाबदारी वादीची. पुंडलिकला विचारलं तर तो म्हणायचा, “विलायतेत हाये. लंडन असंन.” यापलीकडे तो जात नव्हता. म्हणून लंडन लिहिलं, आणि न्यायाधीशांची ती बोलणी खाल्ली.

त्यांनी पुढची तारीख होळीनंतरची दिली आणि बजावून सांगितलं की तोवर पत्ता आला नाही तर वसंतविरुद्धचा दावा काढून टाकावा लागेल. तसं झालं असतं तर अर्ध्या मालकाला वगळून हुकूम मागायला आम्हाला तोंड उरलं नसतं.

त्या तारखेच्या आदल्या आठवड्यात कौसल्याबाई माझ्या घरी आली. तिनं कमरेची पिशवी सोडली आणि टेबलावर मांजरपाटाची एक चिंधी पसरली. शाई थोडी फुटली होती, पण इंग्रजी अक्षरं स्पष्ट होती. वसंतचं नाव. जहाजदुरुस्तीच्या एका कारखान्याचं नाव. पोस्टाच्या पेटीचा क्रमांक. आणि खाली, मोठ्या अक्षरांत, एडन.

“हे कुठं मिळालं?”

“काकूनं देलं.”

“कोणत्या काकूनं?”

“अनुसयाकाकूनं. वसंताच्या मायनं.”

मी चष्मा काढून ठेवला. “बाई, तुमचा त्या घराशी दावा चालू आहे. तुम्ही तिथं काय करत होता?”

“कुरोड्या.”

मला नीट कळायला थोडा वेळ लागला. गावात कुरडया पाडायचा मोठा पितळी सोऱ्या एकच होता, आणि तो अनुसयाबाईंच्या घरी होता. होळी झाली की गल्लीतल्या सगळ्या बायका तिच्या अंगणात जमायच्या. एकीकडे गव्हाचा चीक शिजायचा, दुसरीकडे खाटांवर धोतरं अंथरून कुरडया वाळायच्या. कोर्टात कौसल्याबाई वादी होती. अंगणात ती चीक घोटायला होती, कारण तिच्याइतका मऊ चीक कोणाला जमत नव्हता.

“पुंडलिक काही म्हणाला नाही?”

“म्हणे ना. ओट्यावरून म्हणे, माय, हिच्यावर केस चालू हाये. काकू म्हणे, केस तुमची गड्यांची हाये, कुरोड्या आमच्या हाये. तुले खायाच्या नसंन तं नको खाऊ.”

दर उन्हाळ्यात अनुसयाबाई कुरडया-पापडांचा डबा कापडात शिवून मुलाला पाठवायची. कापडावर पत्ता शाळेचे गुरुजी घालून द्यायचे. यंदा पहिल्या कापडावर शाई फुटली, म्हणून दुसरं कापड घेतलं. फुटलेलं कापड कौसल्याबाईनं मागितलं नव्हतं. अनुसयाबाईनंच ते तिच्या हातात ठेवलं होतं. “तुह्या वकिलाले पायजे होता ना पत्ता? ने.”

मी ती चिंधी अर्जाला टाचून कोर्टात दिली. न्यायाधीशांनी ती उचलली.

“हे काय आहे?”

“पत्ता, साहेब.”

त्यांनी वाचलं. मग पुंडलिकला पुढं बोलावलं. “तुम्ही तर विलायत म्हणाला होता. हे एडन आहे. अरबस्तानच्या टोकाला आहे.”

“विलायतच हाये साहेब. पाकिटाच्या तिकिटावर राणीचं मुंडकं राह्यते. जिथं राणी, ते विलायत.”

एडन तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होतं, त्यामुळे तिकिटावर राणी असायची, हे खरं. पुंडलिक खोटं बोलत होता असं मला तेव्हाही वाटलं नाही. भाऊ विलायतेत आहे हे त्यानं गावाला इतक्या वेळा सांगितलं होतं की मुलीच्या सोयरिकीतसुद्धा ते वजनात धरलं गेलं होतं. न्यायाधीशांनी रुमाल तोंडाला लावला. काकासाहेबांनी हरकत घेतली की चिंधी हा पुरावा होऊ शकत नाही. न्यायाधीश म्हणाले, “पुरावा नाही, पत्ता आहे. पुरावा पोचपावती होईल.” उन्हाळी सुट्टीनंतर कोर्ट उघडेल त्या आठवड्यातली तारीख नेमली गेली. मृगाच्या तोंडावरची.

समन्स मराठीत होतं. मी त्याला इंग्रजी भाषांतर जोडलं, कारखान्यातल्या कोणाच्या हाती पडलं तर गोंधळ नको म्हणून. त्यावर कोर्टाचा गोल शिक्का मारून घेतला आणि पाकीट विमानाच्या डाकेनं गेलं.

त्याच दिवशी दुपारी कोर्टाच्या व्हरांड्यात कौसल्याबाईबरोबर एक ठेंगणी, ताठ म्हातारी उभी दिसली. बाजाराचा दिवस होता. तिनं मला हात जोडले.

“मी वसंताची माय.”

मी लगेच दोन पावलं मागे सरलो. “काकू, तुमच्या मुलाचे वकील तिकडे बसले आहेत. दाव्याबद्दल मी तुमच्याशी बोलणं बरं नाही.”

“दाव्याचं मले काही विचारायचंच नाही. एकच सांगा. तो कागद भेटला म्हणजे त्याले यावं लागते का?”

हे कोणालाही सांगण्यासारखं होतं. “स्वतः किंवा वकिलामार्फत हजर राहावं लागतं.”

“सोता म्हणलं ना तुमी?”

“किंवा वकिलामार्फत.”

“ते ऐकलं मी. पयलं काय म्हणलं ते सांगा.”

“स्वतः.”

“बस,” ती म्हणाली आणि कौसल्याबाईला घेऊन बाजारात निघून गेली. वसंतला जाऊन पाच वर्षं झाली होती, आणि दर वर्षी तो सुट्टी मिळत नाही म्हणून कळवायचा, हे मला कौसल्याबाईकडून नंतर समजलं.

सुट्टी लागायच्या आत पोचपावती आली. त्यावर वसंतची सही होती. बजावणी झाली. इथं वाचकाला वाटेल की आम्ही जिंकलो. पोचपावतीनं दावा सुरू होतो, संपत नाही. सही त्याचीच कशावरून, असा काकासाहेबांचा पुढचा प्रश्न असणार होता. मग साक्षी, मग उलटतपासण्या. तोवर कित्येक पावसाळे गेले असते. मी कौसल्याबाईला तसं सांगितलं. वांग्याची रोपं तिनं वाफ्यात टाकून ठेवली होती. ती मळ्यात लावायची की बाजारात विकून टाकायची, एवढंच ठरायचं होतं.

तारखेच्या दिवशी उकाडा प्रचंड होता. कौसल्याबाई आली, तिच्या शेजारी अनुसयाबाईही येऊन बसली. मांडीवर फडक्यात बांधलेला डबा.

“काकू, हा कोणासाठी?” मी विचारलं.

“लागन कोणाले तरी.”

आमच्या दाव्याचा पुकारा झाला. पट्टेवाला दारात उभा राहून पक्षकारांची नावं मोठ्यानं ओरडतो, त्याला पुकारा म्हणतात. वादीचं नाव. प्रतिवादी क्रमांक एकचं नाव. काकासाहेब ठरलेल्या वाक्यासाठी अर्धे उठले होते. पट्टेवाल्यानं सवयीनं वसंतचं नाव घेतलं, उत्तराची वाट न पाहता आत वळला, आणि व्हरांड्याच्या टोकाकडून आवाज आला.

“हजर!”

पॅन्ट-शर्टातला एक काळासावळा, घामाघूम तरुण पत्र्याची ट्रंक ओढत आत आला. पट्टेवाल्यानं ट्रंक दारातच अडवली. काकासाहेब अर्धे उठलेले तसेच राहिले.

पुंडलिक ताडकन उभा राहिला. “वश्या! तू काऊन आला बे?”

“बोलावलं म्हणून आलो. कोर्टाचा कागद होता.”

“अरे पण वकील लावाचा ना!”

“मायनं नको म्हणलं.”

न्यायाधीशांनी टेबलावर पेन्सिल आपटली. ओळख पटवायला काही कागद आहे का, असं त्यांनी विचारलं. वसंतनं पासपोर्ट काढला आणि त्याबरोबर आपलं समन्सही. ते इतक्या वेळा उलगडलं गेलं होतं की घड्यांवर फाटलं होतं. बोटीनं मुंबईला उतरून मिळेल त्या गाडीनं तो निघाला होता आणि स्टेशनवरून थेट कोर्टात आला होता. सुट्टी कशी मिळाली, हे न्यायाधीशांनीच विचारलं. दाव्याशी त्याचा संबंध नव्हता, पण ऐकायचं सगळ्यांनाच होतं.

“आमच्या इंग्रज मॅनेजरनं भाषांतर वाचलं साहेब. शिक्का पाह्यला. मले विचारे, खून केला का? मी म्हणलं, नाही, गाडवाट हाये. त्याले काही समजलं नाही. पण कोर्टानं बोलावलं म्हणल्यावर रजा देली. पाच वर्षांत नव्हती देली.”

यावेळी न्यायाधीशांना रुमाल पुरला नाही.

मग त्यांनी मुद्द्याचं विचारलं. वाट होती की नाही?

“होती तं. लहानपणी कौसल्यावयनीच्या गाडीतच बसून आमी नांदुऱ्याले जाऊ. दोघंबी. भाऊ तं पुढं बसे, कासरा धरून.”

पुंडलिकनं पुन्हा छताकडे पाहिलं. मग खाली पाहून म्हणाला, “वाट होती, मी ‘नाही’ कधी म्हणलं? पण माही पऱ्हाटी तुडवते ते कोणी पाहत नाही.”

इतक्या तारखांमध्ये त्यानं हे वाक्य कोर्टात पहिल्यांदा उच्चारलं होतं. काकासाहेबांच्या बाजूनं ते अत्यंत महागाचं होतं. पण त्याला उत्तर सोपं होतं. वाट धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेनं आखून घ्यायची, शेताच्या बाजूला दगड रोवायचे, दगडाच्या आत चाक गेलं तर नुकसान वादीनं द्यायचं. मी कौसल्याबाईकडे पाहिलं.

“दगड मी आणून देतो म्हणा,” ती म्हणाली. “नाल्यात लय हायेत. रोज पायाले लागतात.”

काकासाहेबांनी आणि मी बाररूममध्ये बसून तडजोडीचा मसुदा लिहिला. दोन्ही बाजू कबूल असल्या की कोर्ट त्याप्रमाणे हुकूमनामा करून देतं आणि दावा तिथंच संपतो. काट्या दुसऱ्या दिवशी काढायच्या, हे कलम पुंडलिकनं स्वतः सांगून घातलं. “आज नाही जमत. आज भाऊ घरी येऊन राह्यला,” त्यानं कारण दिलं.

मी सह्या घेऊन बाहेर आलो तेव्हा लिंबाच्या झाडाखाली डबा उघडलेला होता. दोन्ही प्रतिवादी आणि वादी एकाच फडक्याभोवती बसले होते. अनुसयाबाई वसंतला वाढत होती. डब्यात तळलेल्या कुरडया होत्या.

“एडनले पोचतात तवा भुगा होते, माय,” वसंत खाता खाता म्हणाला. “मी चमच्यानं खातो.”

“मंग इथीच खात जाय ना येऊन,” ती म्हणाली.

मी तिला विचारलं, मुलाला वकील लावू नको असं कळवलं होतं का. तिनं लपवलं नाही. माझ्याशी बोलून गेल्यावर, डबा दुसऱ्या कापडात शिवायच्या आधी तिनं गुरुजींकडून एक ओळ लिहून घेतली होती आणि पापडांच्या वर ठेवली होती. कोर्टानं सोता बोलावलं हाये, वकिलाच्या भानगडीत पडू नको.

“पण मी दोन्ही सांगितलं होतं, काकू. स्वतः किंवा वकिलामार्फत.”

“तुमी सांगतलं होतं,” तिनं मान्य केलं. “तुमच्याकडून काही चूक नाही झाली.”

कौसल्याबाई पदर झटकून उठली. तिचा नेहमीचा प्रश्न त्या दिवशी आला नाही. मीच म्हणालो, “वांगे लावा.”

“रोपं काढूनच आली सकाळी,” ती म्हणाली. “घरचा माणूस लावून राह्यला.”

“सकाळी? तेव्हा तर काहीच ठरलं नव्हतं.”

तिनं अनुसयाबाईकडे पाहिलं. ‘कोणाले तरी’ लागणारा तो डबा अनुसयाबाई पुसत होती.

पुढे काही वर्षांनी नियम बदलला आणि घरातल्या प्रौढ बाईच्या हाती समन्स देणं कायद्यात बसू लागलं. काकासाहेबांना ही सुधारणा घाईची वाटली. मला ती उशिराची वाटली. परदेशातल्या प्रतिवादींचे दावे नंतर वाढले. गावोगावची मुलं आफ्रिकेत गेली, आखातात गेली, अमेरिकेत गेली, आणि त्यांच्या वाटण्या इथं आमच्या टेबलावर आल्या. पत्त्यासाठी मी आधी भावाला विचारत नाही. जमिनीच्या कागदांतही शोधत नाही. पक्षकाराला एवढंच विचारतो की प्रतिवादीला घरून खायचं कोण पाठवतं.